चंदगडचा कोरा रकाना

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी अंबाबाईचं विचारतात, मग चपलांचं, मग रश्श्याचं. मी या तिन्हीतलं एकही काम धड करून आले नाही. मी तिथे मरणं मोजायला गेले होते. हे असं तोंडावर सांगितलं की समोरच्याच्या हातातला कप तसाच राहतो, म्हणून हल्ली मी आधी लोकांचा चहा संपू देते.

माझं काम सांख्यिकीचं. जन्म नागपूरचा, नोकरी पुण्यातल्या एका संस्थेत. दोन हजार तीनच्या सुमारास आमच्या संस्थेनं कोल्हापूर जिल्ह्यात एक काम हाती घेतलं होतं. आत्महत्या कुठल्या भागात होतात, कुठल्या वयाची माणसं त्यात जातात, वर्षाच्या कुठल्या दिवसांत त्या वाढतात, हे सतत टिपत राहायचं आणि त्याप्रमाणे मदत पाठवायची. ताप कुठल्या गावात आलाय हे कळल्याशिवाय फवारणीची गाडी कुठे न्यायची ते ठरत नाही, तसंच हे. लोकांना वाटतं, विषय नुसता दुःखाचा आहे. मला तसं वाटत नाही. वेळेवर कुणी विचारपूस केली, हाताशी डॉक्टर असला, तर माणूस सावरतो. सावरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यामुळे या कामाला मी तोंड पाडून निघत नाही, पदर खोचून निघते.

जिल्ह्यात तीन ठिकाणी, आठवड्यातून एकदा, मनाच्या आजाराचा डॉक्टर आणि सोबत एक समुपदेशक बसवायचा असं ठरलं होतं. तीनच ठिकाणी, कारण चौथीकडे पाठवायला माणूसच नव्हता. ठिकाणं आमच्या आकड्यांवरून निवडली होती: कागल, गडहिंग्लज आणि पश्चिमेकडचं एक गाव. आठवडा संपताना कोल्हापुरात बैठक होऊन त्यावर शिक्का बसणार होता. त्याआधी जिल्हा फिरून घ्यावा म्हणून मी निघाले. पण माझी ओढ चंदगडकडे होती. आमच्या तक्त्यात चंदगडचा रकाना जवळजवळ कोरा होता. डोंगरातला, पावसानं झोडपून काढलेला, कोपऱ्यातला तालुका, आणि तिथे माणसं जीव देत नाहीत! यांना काय साधलंय ते बघावं आणि साऱ्या महाराष्ट्राला सांगावं, अशा उत्साहात मी होते. ‘चंदगडकडून काय शिकावं’ हे टिपण मी पुण्यात बसूनच अर्धं लिहिलं होतं.

कागल

सोबतीला जिल्ह्यातले आरोग्य पर्यवेक्षक चौगुले होते. गडी कागल तालुक्यातला, मिशा राखलेल्या, आणि आवाज असा की जीपमध्ये शेजारी बसून बोलले तरी शिवारातली माणसं वळून बघत. आपल्या तालुक्यात दवाखाना यावा म्हणून त्यांनी वर्षभर खटपट केली होती आणि आता तो येणार म्हणून स्वारी खुशीत होती.

मार्च महिना होता. हमरस्ता सोडून चौगुल्यांनी जीप एका गुऱ्हाळावर घातली. कढईतून नुकताच उतरवलेला गूळ त्यांनी उसाच्या पानावर घेऊन माझ्या हातात ठेवला. मी नको नको म्हणेपर्यंत दुसरं पान आलं.

“खावा की म्याडम! गुळानं कुणाला काय झालंय व्हय?”

आमच्या नागपुराकडेही पाहुण्याला आग्रह होतो, पण तिसऱ्यांदा नाही म्हटलं की यजमान ऐकतो. इथे तो शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. चिकट बोटांनी मी त्या दिवशीचं काम सुरू केलं.

काम म्हणजे गावच्या पोलीस पाटलांशी बोलणं. गावात असं काही घडलं की पहिली खबर तेच देतात. म्हातारे गृहस्थ, धोतर-फेटा, बोलायला रोखठोक. मी त्यांना विचारलं, की इतक्या मरणांमागे ‘पोटदुखीला कंटाळून’ असंच कारण कसं? साऱ्या गावाचं पोट बिघडलंय का?

“पोट कुणाचं बी दुखत न्हाय,” ते म्हणाले. “घरची मंडळी सांगत्यात तसं आमी सांगतो. घरात लग्नाची पोर असती, म्हातारी आई असती. पोटदुखीत कुणाचा दोष न्हाय बघा. सासूचा न्हाय, सुनंचा न्हाय, देवाचा बी न्हाय.”

हे मला आवडलं. गावानं आपल्या दुःखावर ओढलेलं ते पांघरूण होतं. पण आमच्यासारख्यांची त्यानं फार पंचाईत होते, कारण पोटदुखी खरी मानून कुणी तिथे पोटाचा डॉक्टर पाठवून द्यायचा. परतताना मी चौगुल्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, “कारणांवर विश्वास ठेवायचा नाही, संख्येवर ठेवायचा. माणूस का गेला याबद्दल लोक काहीही सांगतील, पण तो गेला हे काही लपत नाही.”

“बराबर हाय,” चौगुले म्हणाले. माझं म्हणणं इतक्या चटकन कुणी मान्य केलं की मी खरं तर सावध व्हायला हवं.

नेसरी

नेसरीचा रस्ता मधेच कर्नाटकात शिरतो आणि परत महाराष्ट्रात येतो. निपाणीला चहा घेतला तो परराज्यात, हे मला पाट्यांवरची कानडी अक्षरं बघून कळलं. चौगुल्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. शेजारच्या घरातून उसनी साखर आणावी इतक्या सहज इथली माणसं हद्द ओलांडतात.

नेसरीत त्यांच्या थोरल्या बहिणीकडे मुक्काम होता. सात वीरांचं स्मारक बघून आम्ही घरी आलो तर आक्कांनी पानं मांडलेलीच होती. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, घट्ट दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. मी नागपूरची, तिखटाचं मला काय भय, असं मी आधीच सांगून बसले होते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडचं तिखट मसाल्याच्या आडून येतं, हे सरळ अंगावर चालून आलं.

“दही घ्या,” आक्का हसत म्हणाल्या. “नागपूरला मिरची गोड असती वाटतं.”

आक्कांचे मालक दिसेनात म्हणून मी चौकशी केली. शेजारच्या म्हाताऱ्याचे डोळे दाखवायला ते त्याला घेऊन बेळगावला गेले होते. मी बरं म्हणून विषय बदलला आणि चंदगड इतकं सुखी कसं, ते विचारलं. मग काय, ज्याच्या-त्याच्याकडे कारण तयारच होतं. आक्का म्हणाल्या, भात खाणारी माणसं थंड डोक्याची असतात. शेजारची एक बाई म्हणाली, तिकडं घरोघर भजन असतं. चौगुले म्हणाले, काजूचा पैसा. मी सगळं टिपून घेतलं आणि त्यातलं भजन मला सर्वांत पटलं, कारण माझ्या अर्ध्या लिहिलेल्या टिपणात ते आधीपासूनच होतं.

चंदगड

नेसरी सोडून पुढे गेलं की देश संपतो आणि कोकणाची चाहूल लागते. माती तांबडी होते, उसाची गर्दी विरळ होते, कापणी झालेली भातखाचरं आणि मधेमधे काजूच्या बागा दिसू लागतात. पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास जीपमध्ये शिरला आणि मी गाडी थांबवायला लावली. एका बाईनं टोपलीतून दोन बोंडं दिली, एक लाल, एक पिवळं. विदर्भातल्या माणसाला काजू म्हणजे दुकानातली पांढरी फोड. तिच्या डोक्यावर एवढं रसाळ फळ असतं हे मला ऐकूनच माहीत होतं. मी लहान पोरीसारखी दोन्ही खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि चौगुले ओरडेस्तोवर निम्मा माझ्या मोतिया रंगाच्या साडीवर सांडलाही.

“म्याडम, त्यो डाग जात न्हाय! साडी गेली म्हना!”

डाग गेला नाहीच. वर घसा असा धरला की आवाज बसला. तशा अवतारात मी शाळेच्या मोठ्या खोलीत भरलेल्या सभेपुढे उभी राहिले. शिक्षक होते, अंगणवाडीच्या बाया होत्या, काही सरपंच होते. मी घोगऱ्या आवाजात त्यांना सांगितलं, की मी शिकवायला नाही, शिकायला आले आहे. साऱ्या जिल्ह्यात तुमच्या तालुक्यानं जीव सांभाळलेत, ते कसे, एवढं मला सांगा. खोली खूश झाली. टाळ्या पडल्या. चौगुल्यांनी तर माझ्या भाषणाच्या वरताण भाषण केलं.

दुसऱ्या रांगेत एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. सभा उठल्यावर त्याच माझ्याकडे आल्या.

“मॅडम, घसा फार बसलाय तुमचा. माझं घर इथंच आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, साडीला पण काही लावून बघू.”

त्यांचं नाव सुमन कांबळे. घर लहान, नेटकं, अंगण सारवलेलं. आतल्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याशेजारी बाबासाहेबांची. ओसरीवर खुर्ची टाकून त्यांचे वडील रस्त्याकडे तोंड करून बसले होते. चौगुल्यांनी “जय भीम, अप्पा” म्हणून हाक दिली. म्हाताऱ्यानं मान हलवली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही.

मी गुळण्या केल्या. सुमनबाईंनी मला आपली साडी नेसायला दिली, गरम भात आणि ओल्या काजूगरांची उसळ वाढली. अशी मऊ, दुधाळ उसळ मी त्याआधी खाल्ली नव्हती. जेवून हात धुतले, तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमचा आकडा येतो कुठून?”

“जिल्ह्यातल्या दवाखान्यांतून आणि पोलिसांकडून.”

“कोल्हापूर जिल्ह्यातल्या?”

“अर्थात.”

“मग आमचा मिलिंद त्यात न्हाई,” त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण शाळेतलं ‘नाही’ जाऊन घरातलं ‘न्हाई’ आलं होतं. “माझा धाकटा भाऊ. दोन वर्षं झाली. बेळगावला न्हेलं, तिथंच गेला.”

त्या पुढे म्हणाल्या, “इथनं कोल्हापूरला न्यायचं म्हणजे माणूस वाटेतच जातो. बेळगाव जवळ. बाळंतीण अडली की बेळगाव, साप चावला की बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव. आमच्या तालुक्यातलं कोण मरायला कोल्हापूरला जातंय, मॅडम?”

चौगुले ओसरीत जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

मरणाची नोंद जिथे मरण येतं तिथे होते. कागलचा माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात जातो, आमच्या तक्त्यात येतो. चंदगडचा माणूस तासाभरात हद्द ओलांडतो आणि दुसऱ्या राज्याच्या दप्तरात जातो. तिथे तो बेळगावचा, आणि आमच्यासाठी तो मेलेलाच नाही. हद्दीपलीकडे बघायचं आम्हा पुण्यातल्या शहाण्यांना सुचलं नव्हतं. इथल्या माणसांना हे सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, कारण बेळगाव त्यांच्या लेखी परकं नव्हतंच. नेसरीला आक्कांच्या घरी बेळगावचं नाव माझ्या कानांवरून गेलं होतं आणि मी तेव्हा दही वाढून घेत होते.

“मी इथं डॉक्टर मागितला होता,” सुमनबाई म्हणाल्या. “तुमचा तक्ता दाखवून मला सांगितलं, तुमच्या तालुक्यात तसला प्रश्नच नाही.”

“कुणासाठी मागितला होता?”

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. अप्पा एसटीत कंडक्टर होते. सारी नोकरी चंदगड-बेळगाव रस्त्यावर झाली. मिलिंद गेल्यापासून त्यांनी विहारात जाणं सोडलं, मग जेवण कमी झालं, मग बोलणं. “एकदा कोल्हापूरला घेऊन गेले. पहाटेची गाडी धरली तरी पोचेपर्यंत तपासणीची वेळ संपली. येताना म्हणाले, आता पुन्हा न्हाई. मला फार भीती वाटते, मॅडम. शाळेत शिकवत असले तरी लक्ष घराकडेच असतं.”

मला राग आला. आमच्या तक्त्याचा आला, माझ्या अर्ध्या टिपणाचा आला, आणि त्या टाळ्यांचा सर्वांत जास्त आला. पण रागावून बसायला मी आले नव्हते. मी ओसरीवर गेले, अप्पांच्या समोर बसले आणि सरळ विचारलं, “अप्पा, जीव नकोसा होतो का?”

सुमनबाई दचकल्या. सगळेच दचकतात. असं विचारलं तर नको तो विचार डोक्यात शिरेल अशी समजूत आहे. तसं होत नाही. ज्याच्या मनात तो आधीच असतो, त्याला कुणी तरी विचारल्यानं उलट जरा मोकळं वाटतं. अप्पांनी रस्त्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

“माज्याच रस्त्यानं न्हेला त्येला,” ते म्हणाले. “परतेक वळण मला म्हाईत हाय.”

एवढंच. निघताना सुमनबाईंना सांगितलं, की अप्पांना एकटं सोडू नका, विहारातल्या दोघा-तिघांना आळीपाळीनं बसायला बोलवा, आणि काही कमीजास्त वाटलं तर डॉक्टरची वाट बघत न बसता तडक निघा, बेळगाव तर बेळगाव. चौगुल्यांनी आपल्या ओळखीच्या नर्सबाईंना रोज सकाळी या घरी डोकवायला सांगितलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता.

बेळगाव

दुसऱ्या दिवशी आम्ही अप्पांच्या रस्त्यानंच बेळगावला गेलो. हद्दीवर एक पाटी, दोन टपऱ्या, बाकी काही नाही.

एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमचं ऐकून घेतलं आणि जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बसवराज नावाच्या गृहस्थांकडे पाठवलं. “बन्नी, बन्नी, या, बसा,” म्हणत त्यांनी खुर्च्या पुसल्या. बोली अर्धी कानडी, अर्धी मराठी, आणि माणूस पूर्ण आपुलकीचा. नोंदी कानडीत होत्या. मी म्हटलं, माणसांची नावं नकोत, ती तुमच्यापाशीच राहू द्या. फक्त आत्महत्येच्या नोंदींतली गावं वाचा.

ते वाचू लागले. त्या गावांची नावं मी इथे लिहिणार नाही. पण चौगुल्यांना त्यातलं प्रत्येक गाव ठाऊक होतं. पहिल्या काही नावांना ते “व्हय, आमचंच” म्हणाले. मग नुसती मान हलवू लागले. मग त्यांनी मानही हलवायची सोडली. बसवराजांचा आवाज तेवढा चालू होता, खिडकीबाहेर रिक्षा ओरडत होत्या, आणि मला वाटत होतं, आता हे थांबावं.

“तुमच्याकडनं कोणी इचारायलाच आलं नाही,” बसवराज शेवटी म्हणाले. “आम्हाला वाटलं, तुमाला ठाऊक आहे.”

बाहेर येऊन चौगुले जीपला टेकून उभे राहिले. “म्याडम, ह्या तालुक्याचं कौतुक मी धा ठिकानी केलंय. लोकांनी हार घातलेत मला.”

“हार घालायला तुम्ही सांगितलं नव्हतं,” मी म्हटलं. “चला, कुंदा घेऊ.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. पण मी तो खव्याचा बेळगावी गोड कुंदा घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. उद्या मला भांडायचं होतं, आणि उपाशीपोटी माझं भांडण कधीच जमत नाही.

कोल्हापूर

सकाळी मिसळ खाऊन मी बैठकीला गेले. नागपूरच्या तर्रीपोह्यांपुढे ती कशी आहे, असं चौगुल्यांनी विचारलं तेव्हा मी ‘बरी आहे’ म्हटलं. खरं म्हणजे ती फार चांगली होती, पण माहेरची बाजू इतक्या लवकर सोडवत नाही.

बैठकीत आमच्या संस्थेचे संचालक होते, जिल्ह्यातले अधिकारी होते. मी बेळगावचं सगळं मांडलं. कोऱ्या रकान्याचा अर्थ चंदगडला दुःख नाही असा नसून आपल्याला ते दिसत नाही असा आहे, आणि म्हणून चंदगडला दवाखाना हवा, असं म्हणाले.

हरकती ठरल्यासारख्या आल्या. परराज्यातले आकडे आपल्या अहवालात कसे घ्यायचे? यादी छापून झाली, आता ती कशी बदलायची? एका साहेबांनी सौम्यपणे म्हटलं, “बाई, चांगल्या तालुक्याची बदनामी नको व्हायला.”

“साहेब, बदनामी आकड्यानं होत नाही,” मी म्हणाले. माझा घसा अजून घोगराच होता, पण त्या दिवशी तो उपयोगी पडला. “तिथं एका बाईला आपलाच तक्ता दाखवून परत पाठवलंय. तिच्या वडिलांना काही झालं, तर तेही बेळगावातच होईल आणि आपला रकाना पुन्हा कोराच राहील. आपण पुढच्या वर्षी परत जाऊन त्यांचं अभिनंदन करू.”

संचालक म्हणाले, “तुमचं पटतंय. पण माणसं तीनच ठिकाणांपुरती आहेत. कुणाचं काढून देणार?”

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“कागलचं काढा,” चौगुले म्हणाले. “कागलहून कोल्हापूर अर्ध्या तासाचं. हायवेला उभं ऱ्हायलं की गाडी मिळती. आमचा मानूस सकाळी दाखवून जेवायला घरला येतोय. चंदगडच्या मानसाला त्ये जमत न्हाय.”

“चौगुले, वर्षभर तुम्हीच मागे लागला होता कागलसाठी,” साहेब म्हणाले.

“व्हय, लागलतो की. गावात मला आता शिव्या बसतील, त्या मी खाईन. पर चंदगडला द्या.”

वर्षभराच्या खटपटीवर माणूस भर बैठकीत पाणी सोडतो आणि ते जीपमध्ये बोलायचा त्याच दणदणीत आवाजात सोडतो, हे मी याआधी पाहिलं नव्हतं. यादीवरचं कागल खोडून संचालकांनी चंदगड लिहिलं. बसवराजांकडून दर महिन्याला नावं वगळून गावं मागवायची, हेही त्याच दिवशी ठरलं.

पुन्हा चंदगड

पावसाळा संपून भातं पिवळी पडली तेव्हा मी परत गेले. एव्हाना नवा तक्ता तयार झाला होता आणि त्यात चंदगडचा रकाना चांगलाच भरला होता. पुण्यात कुणी कुणी हळहळले, एवढा चांगला तालुका बिघडला म्हणून. मी त्यांना सांगितलं, तालुका होता तसाच आहे, आपले डोळे जरा सुधारलेत. संख्या वाढली म्हणून मला समाधान वाटलं असं नोकरीत तेव्हा पहिल्यांदाच झालं. आता ती खरोखर कमी होते का ते बघता येणार होतं.

दवाखान्याचा पहिला दिवस बाजाराचा धरला होता, म्हणजे गावोगावची एसटी मिळते आणि कुठे चाललात म्हणून कुणी विचारत नाही. ही युक्ती सुमनबाईंची. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी कुणी फिरकणार नाही. पण बाकावर माणसं होती. भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन, एकमेकांकडे न बघता बसली होती. एक नवरा-बायको होते, एक कॉलेजातली मुलगी आणि तिची मावशी होती. चौगुले दारात उभे राहून येणाऱ्याला “या पावणं, बसा, पानी घ्या” म्हणत होते, जसं काही घरचं कार्य आहे.

सुमनबाई अप्पांना घेऊन आल्या. अप्पा आणखी वाळले होते, पण दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. चंदगडात डॉक्टर येणार हे कळल्यापासून त्यांनी स्वतःहून दोनदा तारीख विचारली, असं सुमनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेवढ्याच गोष्टीवर त्या सगळा पावसाळा तग धरून होत्या.

नंबर आला. अप्पांनी मला बघितलं आणि तुम्हीही चला अशी हातानं खूण केली, म्हणून मी आत गेले. तरुण डॉक्टर खुर्चीतून उठले, अप्पांना बसवलं, आणि मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, “काय त्रास होतोय बाबांना?”

मिलिंद गेल्यापासून अप्पांच्या वतीनं तिलाच बोलावं लागलं होतं. तिनं सवयीनं श्वास घेतला, “दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ...”

अप्पांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब पोरी,” ते म्हणाले. “मी सांगतो.”